धोकटीतला वस्तरा

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचं संपादित रूप)

आज मी आपल्याशी एका वस्तऱ्याबद्दल बोलणार आहे. मुठीत मिटणारा, जुन्या पद्धतीचा वस्तरा. तरुण श्रोत्यांपैकी अनेकांनी तो फक्त सिनेमात पाहिला असेल, आणि तिथेही बहुधा खलनायकाच्या हातात.

आमचं पुण्यातलं घर रंगवायला काढलं, तेव्हा माळ्यावरच्या सामानात मला एक धोकटी सापडली. धोकटी म्हणजे न्हाव्याची हत्यारं ठेवायची चामडी पिशवी. आत कात्री होती, नखं काढायची नराणी होती, पितळेची वाटी, पारा उडालेला आरसा, मधोमध झिजलेला एक काळपट दगड, चामड्याचा पट्टा आणि फडक्यात गुंडाळलेला एक वस्तरा. धोकटी माझ्या आजोबांची. फलटणजवळच्या एका गावात ते बलुतेदार होते. वर्षभर गावाच्या दाढ्या-डोकी करायची आणि सुगीला खळ्यावरून धान्य घ्यायचं, असा तो व्यवहार. लहान मुलाच्या जावळापासून ते घरात कुणी गेल्यावर दहाव्याच्या क्षौरापर्यंत गावातल्या प्रत्येक डोक्याचा त्यांच्या हाताशी संबंध येई.

मला यातलं काही येत नव्हतं. मी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं. माझे वडील सरकारी कचेरीत कारकून होते. ते सेफ्टी रेझरने दाढी करायचे. त्यांच्या हातात वस्तरा मी कधी पाहिला नव्हता. आता त्यांचं वय ८६. हात थरथरतो, म्हणून एक दिवसाआड मीच त्यांची दाढी करून देतो. धोकटी खाली आणली, तेव्हा ते खुर्चीत पेपर वाचत होते. त्यांनी एकदा पाहिलं आणि म्हणाले, "ती होती तिथं ठेव."

त्यांचं म्हणणं मला कळत होतं. त्यांच्या लहानपणी वर्गात पाढा चुकला की मास्तर म्हणत, "जा, बापाची धोकटी घे." सगळा वर्ग हसे. आपल्या भाषेत अपमान झाला की "हजामत झाली" म्हणतात आणि कुणाला पार उघडं पाडलं तर "बिनपाण्याने केली" म्हणतात. ज्याच्या घरातला तो धंदा असतो, त्याला हे विनोद निराळे ऐकू येतात. वडील त्या गावातून निघाले ते परत त्या कामाकडे वळायचं नाही असं ठरवूनच. त्यांच्या त्या हट्टामुळेच मी शिकलो.

तरीही मी धोकटी माळ्यावर ठेवली नाही. माझ्या कपाटात ठेवली.

वस्तरा उघडला, तेव्हा पात्यावर तांबूस गंज होता आणि काही ठिकाणी काळे ठिपके होते. मूठ शिंगाची, एका बाजूला किड्यांनी कुरतडलेली. मुठीजवळच्या भागावर भिंगाने पाहिल्यावर अक्षरं लागली : झोलिंगन. झोलिंगन हे जर्मनीतलं वुपर नदीकाठचं गाव. नदीच्या पाण्यावर चाके फिरवून तिथले कारागीर शेकडो वर्षं पाती घासत होते. १९३८ साली जर्मनीत कायदाच झाला, की त्या भागात तयार न झालेल्या पात्यावर हे नाव घालायचं नाही. इंग्लंडमधलं शेफील्ड हे असंच दुसरं गाव. तिथे १७४० च्या सुमारास बेंजामिन हंट्समन या घड्याळजीने मुशीत पोलाद वितळवायची रीत बसवली. त्याला घड्याळाच्या स्प्रिंगसाठी एकजीव पोलाद हवं होतं. वस्तऱ्यालाही तेच लागतं.

विज्ञानाचा शिक्षक म्हणून इथे मला एक गोष्ट सांगायचा मोह होतो. विजेवरच्या संशोधनाने प्रसिद्ध झालेला मायकेल फॅरडे तरुणपणी पोलादावर काम करत होता. लंडनमधला जेम्स स्टोडार्ट हा हत्यारं करणारा कारागीर त्याच्या जोडीला होता. दोघे मिळून पोलादात निरनिराळे धातू मिसळून पाहत होते. १८१९ मध्ये फॅरडेने ज्या पोलादाचं पृथक्करण प्रसिद्ध केलं, ते होतं वुट्झ, म्हणजे दक्षिण भारतात मुशीत तयार होणारं पोलाद. स्टोडार्ट तर या हिंदी पोलादाचे वस्तरे आणि शस्त्रक्रियेची हत्यारं करून विकत असे. त्या काळातल्या नामवंत कारागिराला आपल्याकडच्या पोलादाचं एवढं मोल वाटत होतं, आणि माझ्या आजोबांच्या धोकटीत मात्र परदेशी पातं होतं. मधल्या शंभर वर्षांत आपल्याकडच्या भट्ट्या विझल्या होत्या, त्याचाच हा पुरावा.

आता माझी चूक सांगतो. सायकलचं चाक फिरवून सुऱ्या-कात्र्यांना धार लावणारा एक जण आमच्या गल्लीत येतो. त्याला मी वस्तरा दाखवला. त्याने तो उजेडात धरला, मिटला आणि परत दिला. "हे माझं काम नाही, साहेब. खराब होईल." त्याचं ऐकायला हवं होतं. मी एका परिचिताच्या वर्कशॉपमध्ये गेलो आणि विजेवर फिरणाऱ्या पॉलिशच्या चाकावर पातं धरलं. गंज क्षणात निघाला. पातं चकाकू लागलं, मी खूश झालो. एवढ्यात टोकाशी एक निळसर छटा उमटली, मोराच्या पिसासारखी. दिसायला फार सुंदर.

ती छटा म्हणजे काय, हे मी वर्षानुवर्षं मुलांना शिकवलं होतं. पोलाद लाल तापवून एकदम थंड केलं की ते कडक होतं, पण ठिसूळही होतं. मग पुन्हा हलक्या आचेवर तापवून त्याचा ठिसूळपणा कमी करायचा. वस्तऱ्याला ही आच साधारण दोनशे अंशांच्या आत ठेवतात. पातं निळं झालं, याचा अर्थ ते तीनशेच्या आसपास गेलं. तेवढा भाग मऊ पडला. आपले लोहार म्हणतात, पाणी उतरलं. धारेजवळ पातं कागदासारखं पातळ असतं, ते तापायला दोन सेकंद पुरतात. पुस्तकातलं सगळं माहीत असून मी आजोबांच्या वस्तऱ्याचं पाणी उतरवलं होतं.

त्या रविवारी मी फलटणला अण्णांकडे गेलो. अण्णा माझे चुलत चुलते, वय ८० च्या पुढे. त्यांचं सलून आता मुलगा चालवतो. फिरत्या खुर्च्या आहेत, मोठा टीव्ही आहे, कोपऱ्यात सेना महाराजांची तसबीर आहे. अण्णा दाराशी स्टुलावर बसून असतात. मी वस्तरा त्यांच्या हातात दिला. त्यांनी निळ्या भागावर अंगठा ठेवला.

"कुणी केलं हे?"

"मीच."

"एवढा तुकडा मेला. बाकीचा जिता हाय."

मग त्यांनी पातं उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाले, "आरं, किती वर्षं पडून हुता हा?"

"साठ तरी असतील."

"साठ वर्षं नुसता पडला असता तर पातं ऱ्हायलंच नसतं. कुणीतरी तेल लावत हुतं याला."

मी तेव्हा त्याकडे फार लक्ष दिलं नाही. मला शिकायची घाई होती. "अण्णा, शिकवाल का?" असं विचारलं, तर हसून म्हणाले, "मास्तर, पेन्शन घिऊन धंद्यात पडतोयस व्हय?"

पण शिकवलं. दर दुसऱ्या रविवारी मी जात होतो, चार महिने.

पहिलं काम गंजाचं. रविवार पेठेतल्या बोहरी आळीतून मी पॉलिश पेपर आणले, चारशे नंबरपासून दोन हजारपर्यंत. तेल लावून, पातं लाकडी फळीवर आडवं ठेवून, हाताने घासायचं. धार आपल्यापासून लांब आणि बोटं नेहमी पाठीच्या बाजूला. वरचा तांबूस गंज निघतो. काळे ठिपके मात्र पोलादाच्या आत गेलेले खड्डे असतात. ते सगळे काढायला गेलो तर पातंच संपेल. अण्णांनी मला भिंगातून एकच गोष्ट बघायला सांगितली : खड्डा धारेपर्यंत पोचलाय का? धारेवर खड्डा असेल तर धार तिथे तुटणार. पाठीवर असेल तर असू द्यायचा. आमच्या वस्तऱ्यावरचे बहुतेक खड्डे पाठीकडे होते. ते आजही आहेत.

निळ्या पडलेल्या टोकाचा मऊ तुकडा पाण्यात बुडवत बुडवत, दगडावर हळूहळू घासून काढावा लागला. त्याला दोन रविवार गेले. त्यामुळे आमच्या वस्तऱ्याचं टोक आता गोल आहे आणि मूळच्यापेक्षा थोडं आखूड.

दुसरं काम दगडाचं. आजोबांचा दगड मधे खोलगट झाला होता, घोड्याच्या खोगिरासारखा. असल्या दगडावर सरळ धार येत नाही. जाड काचेवर ओला पॉलिश पेपर पसरायचा, दगडावर पेन्सिलीने चौकटी आखायच्या आणि दगड त्यावर घासायचा. सगळ्या रेघा सारख्या पुसल्या गेल्या की दगड सपाट झाला. कडेच्या रेघा आधी जातात, मधल्या शेवटी. त्या मधल्या रेघा पुसायला मला पूर्ण एक दुपार लागली. एवढा खड्डा पाडायला आजोबांना किती वर्षं लागली असतील, हे मी घासता घासता मोजत होतो.

हा दगड फार बारीक कणांचा, शेवटचा हात देण्याचा. त्याआधीच्या कामासाठी मी जपानी पद्धतीचे, पाणी घालून वापरायचे दगड मागवले : हजार, चार हजार आणि आठ हजार नंबरचे. नंबर जेवढा मोठा, तेवढे कण बारीक. हजारच्या दगडावर धारेच्या दोन्ही अंगांना एक चिंचोळी पट्टी तयार होते. या दोन पट्ट्या जिथे नेमक्या भेटतात, ती धार. पुढचे दगड त्या पट्ट्यांवरचे ओरखडे बारीक करत जातात. हजारवर काम अर्धवट राहिलं तर पुढे कितीही घासा, उपयोग नाही. हे मला कळायला महिना लागला, कारण पातं चमकायला लागलं की मी पुढच्या दगडाकडे धावत होतो.

वस्तऱ्याची रचना इथे आपल्याला मदत करते. त्याची पाठ जाड असते आणि पोटाच्या दोन्ही बाजू आत खोलगट. दगडावर आडवा ठेवला की पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी टेकतात. कोन आपोआप ठरतो, साधारण सोळा-सतरा अंशांचा. सुरीला धार लावताना कोन हाताने सांभाळावा लागतो, इथे तो कारागिराने आधीच घालून दिलेला असतो. आपण फक्त पाठ उचलायची नाही आणि दाबायचं नाही.

न दाबणं हेच मला जमत नव्हतं. "दाबतोयस कशाला? दगड काय पळून चाललाय?" अण्णा दर दहा मिनिटांनी म्हणायचे. दाबलं की पातळ पातं वाकतं, धारेऐवजी पोट घासलं जातं. शेवटी त्यांनी माझ्या मनगटाखाली दोन बोटं धरली आणि म्हणाले, "आता निस्ता वस्तऱ्याचा भार जाऊ दे." ते वजन केवढंसं! पण तेवढं पुरतं. दाब बरोबर असला की दगडाचा आवाज सगळीकडे एकसारखा येतो आणि धारेच्या पुढे पाण्याची एक बारीक लाट सरकत जाते. ती लाट मधेच तुटली तर तिथे धार टेकत नाही, असं समजायचं.

दगडानंतर पट्टा. दगडावर धार पुढे असते. पट्ट्यावर उलटं : पाठ पुढे, धार मागे. टोकाला पोचल्यावर वस्तरा पाठीवरून पलटायचा. धारेवरून पलटला तर पट्टा कापला जातो. माझ्या हातून अण्णांच्या पट्ट्याला एक काप गेला. त्यांनी तो बोटाने चाचपला आणि काही बोलले नाहीत. त्या पट्ट्यावर तसले तीन जुने काप होतेच.

एवढी खटपट करून धार टिकते किती? काही काळाने नुसत्या पट्ट्यावरून भागत नाही. केस तर पोलादापेक्षा कितीतरी मऊ. मग पोलाद का हरतं? याचं चांगलं उत्तर अगदी अलीकडे मिळालं. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधल्या संशोधकांनी ऑगस्ट २०२० मध्ये ते 'सायन्स'मध्ये प्रसिद्ध केलं. त्यांच्यातल्या जानलुका रोशोली या संशोधकाने बाजारातल्या साध्या रेझरने स्वतःची दाढी केली आणि प्रत्येक वेळी पातं इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली पाहिलं. केस पोलादाच्या पन्नास पट मऊ असतो. धार हळूहळू झिजून बोथट होत असेल अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात धारेचे सूक्ष्म टवके उडत होते. केस पात्याला सरळ न भिडता वाकून तिरपा आला आणि पोलादाचे कण त्या जागी एकसारखे नसले, की टवका उडतो. हे वाचून मी अण्णांना फोन केला. ते म्हणाले, "म्हणून तर आधी पाणी चोळून केस मऊ करायचा, कातडं ताणायचं, मग वस्तरा." साबणाचा फेस न वापरता नुसतं पाणी चोळून दाढी करायची खेड्यातली जुनी पद्धत त्यांनी पुष्कळ वर्षं चालवली आहे.

मग हा वस्तरा गेला कुठे? किंग जिलेट या अमेरिकन गृहस्थाने फेकून द्यायच्या पात्याचा रेझर १९०३ साली विकायला काढला. पहिल्या वर्षी ५१ रेझर आणि १६८ पाती खपली. १९१८ मध्ये अमेरिकन सैन्यात शिपायांना ते सरकारकडून मिळू लागले आणि युद्धावरून परतलेल्या पुरुषांना घरीच दाढी करायची सवय लागली. आपल्याकडच्या सलूनमध्ये जुना वस्तरा बराच काळ टिकला. एड्स आणि कावीळ यांची माहिती पसरली, तसा अर्धं ब्लेड घालायचा वस्तरा आला. तो बदल योग्यच होता. एकाचा वस्तरा दुसऱ्याला लावू नये, हे मी इथे मुद्दाम सांगतो. पण त्या बदलाबरोबर दगड गेला, पट्टा गेला. अण्णांच्या मुलाला धार लावता येत नाही. त्याला गरजच पडली नाही.

शिकताना माझ्या मनात आणखी एक गोष्ट होती. याच हत्याराने आपल्याकडे विधवांचं केशवपन होत असे. १८९० साली मुंबईतल्या नाभिकांनी सभा घेऊन ठरवलं, की यापुढे विधवांच्या डोक्यावर आपण वस्तरा चालवणार नाही. सत्यशोधक चळवळीतले नारायण मेघाजी लोखंडे यांचा त्यात पुढाकार होता. ज्यांचं पोट त्या वस्तऱ्यावर होतं, त्या माणसांनी हा निर्णय घेतला. शाळेत मी ही गोष्ट मुलांना सांगत असे, पण आमच्या घरात धोकटी आहे, हे तेव्हा मी मुलांना सांगत नव्हतो.

चार महिन्यांनी मी त्या वस्तऱ्याने स्वतःची दाढी केली. पहिल्या दोन वेळा मधूनच सोडून द्यावी लागली. तिसऱ्या वेळी पूर्ण झाली, हनुवटीवर एक छोटी जखम आणि तिला तुरटी. मी खोलीतून बाहेर आलो, तेव्हा वडील खुर्चीतच होते. त्यांनी माझ्या गालाकडे पाहिलं. मग हात पुढे केला. "दाखव."

मी मिटलेला वस्तरा त्यांच्या हातात ठेवला. त्यांनी तो एका हाताने उघडला. बोटं बरोबर जिथे ठेवायची तिथे बसली, करंगळी मागच्या शेपटावर. हात थरथरत होता, पण पकड चुकली नाही. अंगठा त्यांनी धारेवरून आडवा, अगदी अलगद फिरवला.

"टोकाला ठीक हाय," ते म्हणाले. "टाचंकडं धार नाय."

टाच म्हणजे मुठीजवळचा भाग. माझ्या तोंडून शब्द निघेना. वडिलांच्या तोंडी गावाकडची बोली मी कितीतरी वर्षांनी ऐकत होतो. मग त्यांनी सांगितलं. शाळेत जायच्या आधी रोज आजोबांचा वस्तरा पट्ट्यावर मारून ठेवायचं काम त्यांचं होतं. तो झाल्याशिवाय भाकरी मिळत नसे. आणि त्याच मुलाला वर्गात मास्तर धोकटीवरून बोलत.

मला अण्णांचं वाक्य आठवलं. विचारलं, "दादा, तेल तुम्ही लावत होतात?"

"खंडेनवमीला," ते म्हणाले. हत्यारांच्या पूजेचा तो दिवस. "तुम्ही घरात नसताना. माळ्यावर चढता येईना, तेव्हापासून राहिलं."

एवढंच. पुढे त्यांनी पेपर उचलला.

मी त्याच दुपारी हजारचा दगड पाण्यात भिजत घातला आणि टाचेकडची धार पुन्हा पहिल्यापासून लावली. त्याला आठ दिवस गेले. नवव्या दिवशी सकाळी मी नेहमीसारखी त्यांच्या दाढीची तयारी करत होतो. त्यांनी माझ्या हातातलं ब्लेड बाजूला सारलं आणि कपाटाकडे बोट केलं. मी वस्तरा आणला, उकळत्या पाण्याने धुतला, स्पिरिटने पुसला. त्यांच्या गालाला पाणी चोळलं. कातडं ताणून धरलं आणि पहिला हात फिरवला.

ते डोळे मिटून बसले होते. अर्धा गाल झाल्यावर म्हणाले, "पाणी आणखी लाव."

मी लावलं. यंदाच्या खंडेनवमीला धोकटी खाली, देवासमोर असेल.